गाडी बंद, पंखा चालू

एप्रिलची अठ्ठावीस, दुपारचे दोन.
कणगल्याच्या पुढं हायवे खणून ठेवलाय,
सगळी वाहनं बाजूच्या कच्च्या रस्त्यानं
ट्रकच्या ढुंगणाला नाक लावून सरकतात.
तिथून ती आली. पिवळी, ठेंगणी,
नव्या चपला घालून शेण चुकवणाऱ्या पाहुण्यासारखी
प्रत्येक खड्ड्याला तिरकी होत.
संकेश्वरात माझ्या दुकानासमोर थांबली.
थांबली म्हणजे, तिनंच ठरवलं.

काचेमागं लाल अक्षरं पेटलेली,
कुठल्या मुलखाची ते तिलाच ठाऊक.
माझी पाटी कन्नडात आहे, आणि खालच्या रंगातून
जुनी मराठी अजून डोकावते.
रेडिएटर दोन्हीकडं रेडिएटरच.

पोरगं उतरलं. पुण्याचं. आंबोलीवरनं गोव्याला निघालेलं.
उतरल्या उतरल्या बाटलीचं बूच काढलं.
म्हटलं, थांब की रे. पाणी नको. झाकणाला हात नको.
हा मनगटावरचा डाग बघ,
सत्त्याऐंशी सालचा, एका डॉक्टरच्या अँबॅसडरचा.
तापलेल्याला एकदम गार करू नये,
माणूस असो नाहीतर बीड.
तडकतं.

त्यानं गाडी बंद केली. पंखा चालूच.
"बिघडलाय का?"
बिघडलाय कशाचा. पळताना वारा लागतो,
आतलं पाणी फिरतं, तेल फिरतं,
उभं राहिलं की मग खरी ऊब वर येते.
आमचे गुरुपाद मास्तर रिटायर झाले
तो महिनाभर असेच गरगरत होते, घरातल्या घरात.

सहाशे घोडे आहेत म्हणाला.
आत्ता किती होते?
ते त्याला माहीत नव्हतं.
तापलेली हवा पातळ, पोट भरत नाही इंजिनाचं.
मग ती ठिणगी मागं ओढते,
घोडे एकेक करून तबेल्यात बांधते,
एसी गपचूप काढून घेते.
त्याला वाटलेलं, काच नीट लागली नसेल.
मला आवडलं हे. माझ्या मेव्हण्याचा टेंपो
उकळत उकळत हुक्केरीपर्यंत गेला होता
आणि तिथं हेडसकट फुटला.
आपली ताकद आपण होऊन कमी करणारं
मी फार काही बघितलेलं नाही.

टायरची हवा सोडू का म्हणाला, वाढलीय.
नको. घाट चढशील तशी उतरेल.
प्रत्येक गोष्टीला काय थांबच म्हणायचं का, असं
त्याच्या तोंडावर आलं,
तेवढ्यात शिंक आली.
मग मला. मग कुत्र्याला.

गाडीच्या मागं, पोत्यांवर,
गौरव्वाच्या मिरच्या. वर्षाच्या चटणीच्या.
मागच्या जाळीतनं निघालेली भट्टी
सरळ त्यांच्यावर.
नाकाला पदर लावून गौरव्वा बाहेर आली.
मी शिव्यांची तयारी ठेवली.
तिनं त्या झोतात हात धरला.
एक मिरची उचलली, मोडली. कट्.
"इन्नू हत्तु निमिष इरली."
पोरानं माझ्याकडं बघितलं.
अजून दहा मिनिटं राहू दे म्हणते.
तोवर तिनं दुसरं पोतं ओढून आणलंही.

मी बाजूच्या कल्ल्यात बोटं घातली.
उसाचं पाचट. ओंजळभर,
आणि गुटख्याची एक पुडी, चपटी.
चाळीस लाखाची का चार कोटींची, मी विचारलं नाही,
दात घासायच्या जुन्या ब्रशनं साफ केली.
बिल पन्नास रुपये.
त्याच्याकडं फोन होता, फोनला रेंज नव्हती.
सीटखाली हात घालून घालून
चाळीस निघाले.

पंधराव्या मिनिटाला पंखा आपला आपणच थांबला.
एवढी शांतता झाली
की गिरणीचा पट्टा ऐकू यायला लागला.
गौरव्वा हातातली मिरची तशीच धरून
पिवळ्या बोनेटकडं बघत होती.
"करंट होत?" म्हणाली.
लाईट गेली का विचारते, मी पोराला सांगितलं.

तो हसला. सकाळपासनं पहिल्यांदा असावा.
पाच वाजता गेला, सावकाश,
खोकत.