सातवा रकाना

दहा-अठ्ठ्याण्णववर फोन आला होता:
भरतवाड्यात, रुळांच्या अंगाला,
एक पोरगं दिवसभर रडतं
आणि आई त्याला हात लावत नाही.

मे महिना. कोरड्या कूलरच्या घरात
छकुलीनं खुर्ची दिली, भिंतीला टेकवून,
कारण एक पाय मोडका.
स्वतः उभी. वय नऊ. भावाला कडेवर घेऊन घेऊन
कंबर एकीकडे गेलेली.
"आई कळमन्याले गेली. मिर्चीत."
माठातलं पाणी दिलं. मी प्यायले.
घरचं पाणी नाकारू नका, प्रशिक्षणात सांगतात.
पुढचं फारसं सांगत नाहीत.

सहाला तक्षशिला उके आली.
बाळानं अख्ख्या अंगानं झेप घेतली.
ती मागे सरली.

मी पेन काढलं. रकाना सातवा:
आई-बाळ जिव्हाळा.
आहे. नाही. सांगता येत नाही.
खरं सांगते, पेन 'नाही'पाशी पोचलं होतं.

ती दारात बसली. आधी राख चोळली,
मग जवसाचं तेल,
मग छकुलीनं शेजारून वाटीभर ताक आणून
तिच्या बोटांवर ओतलं.
नखांच्या कडा सोललेल्या.
"दिवसभर देठं खुडतो, मॅडम.
एकडाव तसाच घेतला त्याले,
रातभर डोळे नाय उघडले त्यानं.
आता तासभर जाऊ देतो."

तासभर ते रडलं.
ताक देणारी शेजारीण कुडाआडून बघत होती.
फोन तिचाच असेल. तिचंही चूक नाही.
छकुली त्याला सातचा पाढा म्हणून झुलवत राहिली,
सात आठे ला अडकायची, पुन्हा पहिल्यापासून.
तक्षशिला हात समोर धरून,
जणू कुणाचे तरी सांभाळायला दिलेले.

मग तिनं बोट स्वतःच्या डोळ्याला लावलं,
आतल्या कोपऱ्यात.
थांबली. पापणी मिटली. उघडली.
"ये बाप्पा," म्हणाली.

अहवालात मी लिहिलं: पाळणाघर. हातमोजे.
मुलीचं नाव पटावरून काढू नये, शाळेला पत्र.
साहेब म्हणाले, सातवा राहिला.
म्हटलं, भरते.

रात्री घरी माझाच डोळा चुरचुरला.
खुर्चीला, पेल्याला, माझ्या पेनाला,
कशाला तरी लागलेलं होतं.