फटकुऱ्याचा खोकला

पेटारा उघडला की आधी डांबरगोळीचा वास,
मग पांगाऱ्याच्या लाकडाचा,
मग धाकूकाकाच्या विडीचा.
सगळ्यात वर रावण, कारण त्याची तोंडं तुटतात,
आणि तळाशी, गणपतीच्या पायांकडे,
उपडा पडलेला फटकुरो.
एक भिवई उडालेली,
मुंडाशाला कुणाच्या तरी लुगड्याचा काठ.

रामायणात तो कुठेच नाही.
काकानेच घुसवला त्याला लंकेत,
कुडाळच्या बाजारातून
बांगड्याविना परतलेल्या एका संध्याकाळी.
भर दरबारात तो रावणाला विचारायचा,
"म्हाराजानू, धा तोंडां तुमची,
बांगडो नेमको खंयच्या तोंडान खातास?"
आणि खोकायचा. दोन लहान, एक लांब.
तिसरा यायच्या आधीच
पोरं हसून मोकळी.

खोकला खरा होता.
हे आम्हाला ओरोसच्या इस्पितळात कळलं,
डॉक्टरने उजेडापुढे फोटो धरला तेव्हा.
चाळीस वर्षं गावोगाव ज्याला हसले
तो तिथे डाव्या बाजूला
पांढऱ्या ढगासारखा बसला होता.

"आता तू नाचय," काका म्हणाला,
पण दोऱ्या लगेच सोडल्या नाहीत.

गाठी त्याच्या बोटांच्या मापाच्या.
माझी बोटं आखूड, काजू सोलून काळवंडलेली.
फटकुरो भलत्याच वेळी मान टाकायचा,
सीता रडत असता हो हो म्हणायचा.
काकू म्हणाली, सोड त्या, नव्या मार.
आठ दिवस माझा हात होईना.
मग एका रात्री सोडल्या.
मळक्या दोरीवर गाठीच्या जागी
सूत पांढरंधोप निघालं,
अंगठी काढलेल्या बोटासारखं.

कोचऱ्याच्या जत्रेत पहिला खेळ.
पडद्यामागे मी, हुडुकावर विसू,
समोर प्लास्टिकच्या खुर्चीत काका,
खुर्ची दिली म्हणून रागावलेला.
जनरेटर दम खायचा तेव्हा
तेवढ्यापुरता समुद्र ऐकू यायचा.

आवाज मी त्याचाच काढला,
तीन महिने गोठ्यात घोटलेला.
"म्हाराजानू..."
"ह्यो आमचो फटकुरो न्हय!" मागून एक म्हातारी.
मग बराच वेळ
नुसते शेंगदाणे फुटण्याचे आवाज.

खोकल्याची जागा आली.
विसूने हुडुक थांबवला.
पोरं तोंडं उघडून बसली, त्यांना ठाऊक होती जागा.
माझ्या घशात तयार होता तो,
दोन लहान, एक लांब,
आणि पडद्याच्या फटीतून दिसला
काकाचा हात. छातीवर.

मी नाही खोकले.

विसूने माझ्याकडे पाहिलं.
रावण दहा तोंडांनी गप्प.
मग फटकुरो, का कोण जाणे,
त्याच्या अगदी जवळ गेला,
एकेक तोंड हुंगत निघाला,
सातव्यापाशी थबकला
आणि माझ्याच आवाजात,
फॅक्टरीत भट्टीपलीकडे हाका मारायच्या आवाजात, म्हणाला,
"ह्या तोंडाक वास येता हा! चोर गावलो!"

एक पोर हसलं.
त्याला हसताना बघून त्याची बहीण.
बाकी खेळ ठीक झाला. ठीकच.
म्हातारी मधेच उठून गेली होती.

पेटारा भरताना काका मागे आला.
फटकुऱ्याला उचललं, नव्या गाठी
अंगठ्याने चाचपल्या, एक एक.
"सातवा कित्याक? पाचवा घे, मधला.
कडेच्या पोरांका दिसाक होया."
एवढंच बोलला.
आणि खोकला आला त्याला. दोन लहान, एक लांब.

पलीकडे माडांच्या काळोखातून
बापाच्या खांद्यावर पेंगत घरी चाललेलं एक पोर
खाडकन जागं होऊन ओरडलं,
"फटकुरो!"

काकाने मफलर तोंडावर ओढून घेतला.