बुधवारची रांग

सरकारी दवाखान्यात बुधवारी टक्के देतात.
कानांचं टेबल वेगळं, डोळ्यांचं वेगळं, पायांचं वेगळं,
आणि पार शेवटी, पोर्चमधल्या तुटक्या बाकाजवळ,
गहिनीसारख्यांचं.

तशी लातूरला टक्क्यांची सवय आहे.
औसा रोडच्या मागच्या गल्लीत माझी मेस,
एकोणतीस डबे, दोन्ही वेळचे.
क्लासची लेकरं ताटावर बसली की
एकमेकांना आधी टक्के विचारतात,
भाजीत मीठ आहे का ते नंतर.
नव्वदच्या खाली आलेलं पोरगं
पोळी तशीच ठेवून उठतं.

म्हणून रांगेतली पुढची बाई वळून
"तुमच्याला किती पडले?" म्हणाली
तेव्हा मला वाटलं, निकालच लागलाय.

गहिनीनाथ. वय एकोणीस.
कुकरची शिट्टी त्याच्या कानात दाभणासारखी घुसते,
म्हणून माझ्याकडं कुकर नाही.
वरण पातेल्यात शिजतं, त्याच्या सवडीनं.
पोरं म्हणतात, मावशी, गावाकडची चव आहे बरं का.
कुणामुळं ते मी सांगत नाही.

सांगितलं की लोक लगेच विचारतात,
"मग काहीतरी विशेष असंल की त्याच्यात?
देव एक काढून घेतो, एक देतो.
पाढे? तारखा? गळा?"

नाही हो.
पाढे येत नाहीत. गळा माझ्यासारखाच, फुटका.
तो डब्यांना झाकणं लावतो, आणि दुपारी
ज्वारीच्या पिठात कोपरापर्यंत हात घालून बसतो.
बाहेर काढतो. पांढरे हात. बघतो.
हसतो.
पुन्हा घालतो.

दीर म्हणतो येडं. शेजारीण म्हणते देवमाणूस.
म्हणताना दोघंही माझ्याकडं बघतात, त्याच्याकडं नाही.

डॉक्टरीण तरुण होती, दमलेली.
फॉर्मवरचं वाचत गेली.
रोज एकाच वाटेनं जातो?
हो.
ताटातलं एकात एक मिसळलेलं चालत नाही?
नाही.
डोळ्यात बघून बोलतो?
नाही.
लग्नात, डीजेपाशी, गर्दीत?

इथं माझी जीभ अडखळली.

मोंढ्यात जायचं तर मी पण लांबून जाते,
पिठाच्या गिरणीला वळसा घालून, बावीस वर्षं.
सासरच्या पहिल्या पंगतीत आमटी भाताला लागली
म्हणून उपाशी उठले होते,
आणि सासू म्हणाली होती, माजोरी आहे.
दारात बँड वाजला तेव्हा
शालूच्या काठात नखं रुतवून
मी आठशेपर्यंत आकडे मोजले होते.
सगळ्यांना वाटलं, नवरी लाजतीये.

मी डॉक्टरणीच्या डोळ्यात बघितलं नाही.
तिच्या कानातल्या रिंगेकडं बघितलं, नेहमीसारखं,
आणि म्हटलं,
बाई, ह्या फॉर्मची एखादी कोरी प्रत आहे का?

ती हसली.
मी हसले नाही.

चाळीसच्या वर पडले म्हणे. एसटीत सवलत मिळंल.
गहिनीनं कागद नाकाशी नेला,
शिक्क्याची ओली शाई हुंगली, आणि मला दिला.
त्याचं काम झालं होतं.

गेटपाशी रिक्षावाला म्हणाला, "ह्याला काय झालंय?"
असल्या प्रश्नाला मी कायम
खाली बघून, पुटपुटून उत्तर दिलंय.
आजपण खालीच बघितलं.
खाली बघितलं की मला नीट बोलता येतं.
"काही झालेलं नाही. असाच आहे तो.
फक्त हॉर्न वाजवू नका."

माणूस तसा बरा निघाला.
गांधी चौकापर्यंत वाजवला नाही.
चौकात म्हैस आडवी आली,
वाजवला.

आम्ही दोघांनी
एकदमच कान झाकले.