उजवीकडे बघा

सकाळी सहाला पडावच्या पुलाशी गाडी लागते.
सतरा माणसं, एकोणतीस पिशव्या
आणि एक थर्मास,
जो सांगलीपासून कुणाच्या हाती दिलेला नाही.
मी माईक फुंकतो, "चला, गाडी सुटून राहिली आहे."
थर्मासवाल्या काकू हसतात,
"सुटून राहिली म्हणजे? सुटली की राहिली?"
मीही हसतो.
दोनशे वर्षं झाली, काकू, ग्वाल्हेरात येऊन,
आमचं अजून ठरलेलं नाही.

हजिऱ्याच्या पुढे रस्ता वळतो तिथे मी म्हणतो,
"उजवीकडे बघा."
उजवीकडे पिंपळ, पंक्चरचं दुकान,
असल्या तर म्हशी.
सतरा माना वळतात.
अठरा वर्षांत कुणी विचारलं नाही, काय बघायचं.
तेवढ्यात डावीकडून एक लांब भिंत
निघून जाते.

बटेश्वरला धुकं.
देवळं ओल्या मेंढरांसारखी एकमेकांना चिकटून उभी.
"भूकंपानं पडली म्हणतात," मी सांगतो.
मी नेहमी 'म्हणतात' म्हणतो,
म्हणजे चूक निघाली तर माझी नाही.
पडलेली पुन्हा रचली, दगडाला दगड शोधून.
उरलेले गवतात आहेत,
कमळाचं अर्धं पान, कुणाचं तरी कोपर.
एक बाई त्यातल्याच एकावर बसून
बुटातला खडा काढतात.

मितावलीला कर्णिक काका
गोल ओवरीतल्या खोल्या मोजतात.
चौसष्ट हव्यात, पासष्ट येतात.
पुन्हा फिरतात. त्रेसष्ट.
खाली चारी बाजूंना मोहरी पिवळी होऊन बसलेली,
तिला मोजदादीची काही पडलेली नाही.

चंबळेच्या वाटेवर बीहड लागतं
आणि प्रश्न येतोच, "डाकू कुठे?"
आमचा सिकरवार आरशात बघून
मिशीवरून बोट फिरवतो.
तेवढ्यावर पैसे वसूल.
मातीचे सुळके पाण्यानंच कापलेत, मी सांगत राहतो,
पाऊस पडतो, माती सुटते,
शेत हळूहळू घळ होतं,
एका रात्रीत काही होत नाही.

वाळूवर घडियाल, नाकावर मडकं उपडं घातल्यासारखं.
अर्धा तास हलला नाही.
"खोटा आहे का हो?"
मल्लाहानं वल्हं थांबवलं. "ऊन खातोय," म्हणाला,
"तुम्ही नाही का खात, थंडीत?"

परतताना गजकाचे डबे मांडीवर,
अर्धी गाडी झोपलेली.
वळण आलं. मी माईक घेतला,
"डावीकडे बघा."
पहिल्या सीटवरची ऋतुजा, वय नऊ, वहीसकट जागी.
"सकाळी तुम्ही उजवीकडे म्हणालात.
तिकडे काही नव्हतं.
हे तेच पंक्चरचं दुकान आहे."
मग ती दुसऱ्या खिडकीकडे वळली.
"आणि हे काय आहे?"

सिकरवारनं न सांगता गिअर बदलला.

"गिरणी."
"किती जुनी?"
"माझे बाबा होते तिथे. सूतखात्यात.
घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या, कापसानं.
आई फुंकर मारायची, मग चहा द्यायची.
एक दिवस डबा घेऊन गेले
आणि भरलेला डबा घेऊन परत आले.
दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.
महिनाभर जात होते. गेटपाशी बसून जेवायचे."
"मग?"
"मग ते बघ, धुराड्यात पिंपळ आलाय."
तिनं बघितलं. "तिकीट किती?"
"नाही. आत सोडत नाहीत."
तिनं वहीत लिहिलं, चंबळेच्या खाली, पाच नंबरला.

माईक चालूच होता.
हे मला पडावला कळलं,
सगळे गुपचूप उतरत होते तेव्हा.
कुणी पाठीवर हात ठेवला नाही, बरं झालं.
काकू शेवटी उठल्या.
थर्मास माझ्या हातात दिला, पदर सावरला,
पायरीवर एक पाय ठेवून म्हणाल्या,
"थांबा हं. उतरून राहिले आहे."