तिसरं पाऊल

ईरीत काल रात्रीपासून बर्फ पडतोय,
सरोवरावरून येणारा, आडवा, कामाला जुंपल्यासारखा.
शाळा बंद. आमचा प्लास्टिकचा प्लांटही बंद.
निनाद सकाळपासून जग संपल्यानंतरच्या एका गावात आहे
आणि मी सोफ्यावर त्याच्या शेजारी,
त्याचा हमाल.
(खेळ सतरा वर्षांवरच्यांसाठी आहे.
आई ड्यूटीवर आहे.)

भंगार मी गोळा करायचं, सुरुंग त्याने लावायचे.
"बाबा, रस्त्यात मधोमध नको, कुणालाही दिसतं."
"एकाला चिकटून एक नको. एक उडाला की सगळे उडतात,
फुकट."
"आधी बाटली फेकायची. ते आवाजाकडे येतात.
आपण आवाजाच्या उलट्या बाजूला."
अकरा वर्षांचा आहे.
बुटाच्या नाड्या अजून धड बांधत नाही.

मी एक लावला, पेट्रोल पंपामागे, आणि विसरलो.
वीस मिनिटांनी औषधं घेऊन परतताना
माझ्याच पायाखाली.
पडदा लाल, मग राखाडी.
निनाद हसलासुद्धा नाही.
"लावलेले लक्षात ठेवायचे असतात. मी लिहून ठेवतो."
खरंच ठेवतो. गणिताच्या वहीचं मागचं पान:
पंप, चर्च, शाळा,
आणि पेन्सिलच्या फुल्या.

मराठीत आपण सुरुंग पेरतो.
लावतो, पुरतो असंही म्हणता येतं,
पण बातम्यांत ते कायम पेरलेले असतात.
कुणाला सुचलं असेल हे क्रियापद?
पाभरीमागून चाललेल्या कुणालातरीच.
मी हे निनादला सांगितलं.
"ओके," म्हणाला, "आता बाटली फेक."

साडेअकराला दार वाजलं. जेरोम नोवाक, पलीकडचे.
त्यांच्या फावड्याचा दांडा मोडला होता.
अठ्ठ्याहत्तर वय. एका कानाने ऐकू येत नाही,
कुठल्या ते विसरून मी नेहमी चुकीच्या बाजूने बोलतो.
कॉफी नको म्हणाले. बूट काढले नाहीत.
पायपुसण्यावर उभे राहून टीव्हीकडे बघत राहिले.
निनाद तेव्हा एका पडक्या घरात,
उंबऱ्याला लागूनच, गुडघ्यावर बसला होता.

"तिथे नको," नोवाक म्हणाले.
निनादने खेळ थांबवला.
"उंबरा ओलांडताना माणूस जपून असतो.
पहिलं पाऊल बघून टाकतो. दुसरंही.
तिसऱ्याला श्वास सोडतो."
मग बऱ्याच वेळाने, मला वाटलं बोलून झालं तेव्हा,
"डॅनी तर शीळ घालायचा."

निनादने तिसऱ्या पावलावर ठेवला.
या खेळात राक्षस नाहीत. माणसंच आहेत,
फाटक्या कोटातली, भुकेली.
एक आला. दारात थांबला. कान दिला.
आत आला जपून,
जपून.

"चाललं!" निनाद ओरडला, आणि शाबासकीसाठी वळला.
पायपुसण्यावर नुसतं पाणी होतं.

खिडकीतून दिसले. खांद्यावर आमचं फावडं.
दोन घरांमध्ये गुडघाभर बर्फ, कोरा,
त्यात येतानाची त्यांचीच पावलं,
आणि नोवाक त्याच खळग्यांत पाय ठेवत परतत होते,
चवड्याच्या जागी टाच, टाचेच्या जागी चवडा.
एकही नवा ठसा नाही.
अंगणाचं अंतर किती, पंचवीस पावलं.
मी चहा उकळेपर्यंत ते पोचले नव्हते.

संध्याकाळी बर्फ थांबला. फावडं परत आलं नव्हतं.
"मी आणतो," निनाद म्हणाला.
टोपी, हातमोजे. नाड्या तशाच लोंबत्या.
मी दारात उभा होतो, आणि का कोण जाणे
मोजायला लागलो. एक.
दोन.
तो धावत सुटला, वाकडातिकडा, कुठूनही,
नोवाकांच्या खळग्यांवरून, झुडपाला वळसा घालून,
सगळा बर्फ तुडवत.

"नाड्या!" मी ओरडलो.