ढेकळाचं अंथरूण

डंडीत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात
आणि टे नदीवरचं वारं
शेडच्या फळ्यांतून आत येताना
विचारतसुद्धा नाही.

ढेकूळ शिंकतो.
सशाची शिंक म्हणजे फार मोठा आवाज नव्हे,
उशीतून टाचणी ओढावी, तेवढाच.
पण काल ओळीनं अकरा मोजल्या.
नाकाखालची लव ओली, पुढचे पंजे चिकट,
त्यांनीच नाक पुसत बसलेला
रुमाल हरवलेल्या पोरासारखा.

कारण उघड होतं. पेंढा.
आणि पेंढा दिलेला शेजारच्या फार्करसाहेबांनी,
भावाच्या शेतातून, स्वतःच्या गाडीत घालून,
ऐंशीच्या वयात, जिन्याला टेकत टेकत.
"थंडीला याच्यासारखं काही नाही, पोरी."
आता त्यांना कोण सांगणार?

पाइनचा भुसा आणला. इतका सुरेख वास
की दुकानातच पिशवीत नाक घालून उभी राहिले.
डॉक्टर इशबेल म्हणाली, तुला सुरेख,
त्याच्या छातीला नाही.
फ्लीस आणली. एका रात्रीत कोपरा गायब.
दोरा आतड्यात अडकला तर ऑपरेशन, आणि तो आकडा
मी इथे लिहीत नाही.
ट्रंकेतली आईची शाल काढली;
डांबरगोळ्यांच्या वासानं तो तीन पावलं मागे सरला
आणि पाठ करून बसला.

"कागद," इशबेल म्हणाली. "साधा, बिनचकाकीचा.
बारीक पट्ट्या, वीतभर थर. पिना तेवढ्या काढ."

साध्या कागदाला माझ्याकडे तोटा नाही.
पलंगाखाली खोकं आहे:
मी इथे राहते, याचा सहा वर्षांचा पुरावा.
विजेची बिलं, पगाराच्या चिठ्ठ्या,
घरमालकाची तिरकी सही,
एक नकार,
नकाराला मी दिलेलं एकवीस पानी उत्तर.
मार्चमध्ये शपथ झाली, चहा आणि शॉर्टब्रेड मिळालं,
तरी खोकं टाकवलं नव्हतं.
न जाणो.

रात्री अकरापर्यंत पिना उचकटत बसले.
एकशे चौसष्ट. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.
श्रेडर वर्षं गिळत गेला,
नकारापाशी मात्र घोगरा होऊन थांबला;
उलटा फिरवला, मग सुलटा.

ढेकळानं आधी हुंगलं.
मग उकरलं, तोंडात धरून ओढलं,
विजेची बिलं एका बाजूला, बँक दुसऱ्या,
मध्ये स्वतःपुरता खळगा.
त्याच्या कानावर एक पट्टी राहिली,
माझ्या आडनावाची शेवटची अक्षरं तिच्यावर.
एक शिंक.
मी श्वास धरला.
दुसरी आली नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, आमचे बेलसरे मास्तर सांगायचे.
मी ऐकलं. सहा वर्षं गुडघे पोटाशी घेऊन झोपले.
ढेकळानं अंथरूण पाहिलं,
आणि मागचे दोन्ही पाय असे लांब टाकले
की एक खोक्याबाहेर आला.

पेंढा सकाळी लसणाच्या वाफ्यावर पसरला.
फार्करसाहेब कुंपणापाशी बराच वेळ बघत राहिले.
मी वाक्य जुळवत होते.
"बरं केलंस," ते म्हणाले,
"लसणालाही थंडी वाजतेच की,"
आणि नाक पुसायला
खिशात रुमाल शोधू लागले.