पेरं

जून संपत आला, तळ्यावर बर्फ अजून दोन हात जाड.
मी भोक पाडतो, रोजावर.
सिग्ने दोरी सोडते. लोखंडी पंजा नऊ मीटर खाली जाऊन
वर आणतो तळाचं रान,
ओल्या कुत्र्याच्या पाठीसारखं,
पण वास कसलाच नाही.
कुजायला ऊब लागते, ती म्हणते.
ती इथं कुणाच्याच वाट्याला फारशी येत नाही.

तंबूत ती शेवाळाची एकेक काडी सोडवते,
भिंगाखाली, चिमट्यानं.
उन्हाळ्याची पानं मोठी, सैल,
काळोखातली बारकी, एकमेकांना बिलगून.
एक सैल, एक दाट : झालं वर्ष.
एक पेर, माझ्या करंगळीच्या पेराहून अर्धं.

पाचवं पेर जवळजवळ नाहीच.
"त्या वर्षी बर्फ हटला नसेल."
नव्हताच हटला. मालाचं जहाज परत फिरलं होतं,
दुकानात उरली होती फक्त मोहरी
आणि बॅटऱ्या.

सतरा, ती वहीत लिहिते.
मीही सतराच. आम्ही हसतो.

तेवढ्यात आजी येते स्नोमोबाइलवरून,
वाळवलेला मासा घेऊन.
तिच्या ओळखपत्रावर पोलिसानं दिलेली एक जानेवारी,
तिच्या बहिणींच्याही, शेजारच्या म्हाताऱ्याच्याही,
जणू सगळा मुलूख एकाच रात्री बाळंत झाला.

भिंगाला ती डोळा लावत नाही. मोतीबिंदू.
काडी तळहातावर घेते,
नखानं चाचपत उतरत जाते
हिरव्या टोकापासून तपकिरी पेरांवरून
आणि शेवटाशी थांबते.
"इथं सुरू झालं?"
मी सिग्नेला सांगतो, सिग्नेचं आजीला :
नाही, इथं तुटलं. उरलेलं चिखलात.
वरची तपकिरी पेरं मेलेली दिसतात,
पण उजेड दाखवला
की अजून थोडा श्वास घेतात.

आजीला यात नवल वाटत नाही.
माशाचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरते :
"खा, अताता."

सिग्ने वहीतून मान वर काढते.
अताता म्हणजे बाप, इतकी भाषा तिला येते.
कसं सांगू?
आजीचा बाप, आमारुआलिक, बर्फावरून परतला नाही.
त्याचं नाव बरीच वर्षं बिनअंगाचं हिंडलं,
मग मी जन्मलो आणि ते माझ्यात येऊन बसलं.
लहानपणी मी तिचा दिवा फोडला, कुत्री सोडून दिली,
तिनं एकदाही दटावलं नाही.
बापाला कोण दटावतं?

मासा खारट आहे, चिवट आहे.
संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी,
उरलेलं शेवाळ मी भोकातून परत सोडतो.
ते लगेच बुडत नाही.

रोजाच्या कागदावर नाव लिहितो : आमारुआलिक.
वयाच्या रकान्यात सतरा,
आणि खाली थोडी जागा
तशीच ठेवतो.